सहीचा रकाना

अळ्यांच्या शेडमध्ये वास चालत नाही. तेल नाही, पावडर नाही, तंबाखू नाही, कांदा चिरलेला हात नाही. दारात चुन्याच्या पाण्याचं घमेलं, त्यात पाय बुडवायचे, हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, मगच आत. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा सासूबाईंनी माझं डोकं हुंगलं आणि मला परत न्हायला पाठवलं. म्हणाल्या, "रेशमाच्या अळ्या म्हणजे घरचे जावई. त्यांची मर्जी राखली तर घर चालतं." मी म्हटलं, जावई निदान झोपतात तरी. त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

तर अशा त्या शेडमध्ये, अळ्या शेवटच्या खादीला लागलेल्या असताना, माझा नवरा अत्तराचा वास घेऊन आला.

तेव्हा ऊन असं तापलं होतं की पत्र्यावर ओली पोती टाकली तरी तासात कडक व्हायची. विहीर तळाला गेलेली, तुतीचा पाला जाड आणि कोरडा. अळी चार वेळा झोपते, कात टाकते, आणि चौथ्या झोपेतून उठली की सात-आठ दिवस नुसती खात सुटते, ती शेवटची खादी. त्या दिवसांत माणसानं माणूस राहायचं नाही. पहाटे पाच, अकरा, संध्याकाळी पाच, रात्री दहा, असे चार पाले. फांद्या कापायच्या, भारे डोक्यावरून आणायचे, रॅकवर पसरायच्या. माझी मान त्या आठवड्यात आखडलेलीच असायची. आणि शेडमध्ये अळ्यांच्या खाण्याचा आवाज, वर्गातली सगळी पोरं एकदम वहीची पानं उलटतायत असा.

मी खालच्या रॅकवर वाकले होते. सासूबाई पलीकडे. तो दारात आला, पाय न बुडवता, आणि विचारलं, "कोष कधी धरतील?" तेव्हा वास आला. गोड, फुलांचा. घरात असलं काही नव्हतं. सासूबाईंचा फांदीवरचा हात थांबला, तो मी बघितला.

"कसला वास हा?" मी विचारलं.

"कसला?"

"तुमच्या अंगाला येतोय तो."

"बाजारात चार लोक भेटतात. लागला असेल कुणाचा."

"बाजारात लोक गळ्यात पडतात का?"

"जा, आधी न्हाऊन ये," सासूबाई त्याला म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पण तोंड त्यांचंही उतरलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी अळ्या सुजल्या, पिवळ्या पडल्या, हात लावला की फुटायच्या आणि दुधासारखं पाणी निघायचं. रेशीम खात्याचे साहेब आले, नाकाला रुमाल लावून म्हणाले, उन्हाळ्याचा रोग आहे, चुना कमी पडला. वासानं अळी मरते की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण मला मात्र त्या वासानं व्हायचं ते झालं होतं. आम्ही दोघी सासू-सुनांनी खड्डा खणला. घमेल्यांनी अळ्या ओतल्या, वर चुना टाकला. दिवस गेला त्यात. सासूबाई मध्येच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही आला होता वास, पोरी."

माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यामुळे सासूबाईंना आई म्हणताना माझी जीभ कधी अडली नाही. नवऱ्यापेक्षा मी त्या बाईशीच संसार केला म्हणा ना. पाला कापताना ती पुढे, मी मागे. ती गाणं म्हणायची, मी सूर बिघडवायची.

त्या संध्याकाळी तो फांद्या तोडणाऱ्या मजुरांसमोर म्हणाला, "हिच्या हाताला यशच नाही. एवढ्या अळ्या मारल्या हिनं."

चोराच्या उलट्या बोंबा. मी म्हटलं, "जिचा वास तुमच्या अंगाला येतो तिला बोलवा. तिच्या हाताला यश असेल."

मजुरांनी माना खाली घातल्या. एकाला खोकला आला. नवऱ्यानं माझं मनगट धरलं, अंगणाबाहेर नेलं आणि सोडलं. ढकललंसुद्धा नाही, केर टाकतात तसं सोडलं. भिंगरी, आमची पोर, साडेपाच वर्षांची, आजीचा पदर धरून उंबऱ्यात उभी होती. एका जागी राहत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. त्या दिवशी हलली नाही.

मी तिला घ्यायला परत आत गेले तेव्हा सासूबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. "त्याचं डोकं तापलंय. पोरीला ओढाताण नको. तू भावाकडे जा, दोन दिवसांत मी तिला घेऊन येते."

मला पटलं. आजही कपाळावर हात मारावासा वाटतो, पण पटलं.

गाडीच्या थांब्यापर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या. माझी पिशवी त्यांनीच धरली होती. गाडी येईपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "तू माझी लेक आहेस. उद्या चार माणसांत विचारलं तर जे आहे ते सांगेन. पोटचा असला म्हणून काय झालं."

दोन दिवसांचे पंधरा झाले. मग भिंगरी नाही आली, कोर्टाचा कागद आला. त्याला घटस्फोट पाहिजे होता आणि मुलगीही पाहिजे होती.

दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या मागं एक खोली, त्यात दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, आणि आता मी. वहिनी वाईट नाही. पण ताटं वाढताना ती एक ताट मोजून मग थांबायची, आणि तिचं ते थांबणं मला घास गिळू द्यायचं नाही. म्हणून मी आठवड्याच्या आत काम धरलं. रेशमाचं सोडून दुसरं येतंय काय मला? कोष उकळून धागा काढायच्या कारखान्यात लागले. कढत पाण्यात बोटं घालून धाग्याचं टोक शोधायचं. बोटं पांढरीफटक होतात, टोकं सोलतात. आणि आतली कीड उकळते तिचा वास. तो कपड्याला, केसाला, नखाला बसतो. साबण संपतो, वास संपत नाही. आयुष्यभर वासाला जपलं आणि आता गाडीत माझ्या शेजारची जागा मोकळी राहायला लागली.

माझ्या वकीलबाई तरुण होत्या. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग आणि पंखा असा की कागद उडायचे, म्हणून प्रत्येक ढिगावर कप ठेवलेला. त्यांनी विचारलं, "साक्षीला कोण आहे, ताई?"

"सासू."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सुनेच्या बाजूनं सासू? माझ्याकडे अशी केस अजून आली नाही."

"मग आता आली म्हणा," मी म्हणाले.

माझा भरवसा उगाच नव्हता. आठवड्यातून एकदा शाळेच्या कुंपणापाशी सासूबाई भिंगरीला घेऊन यायच्या, मुलाला न सांगता. तारेच्या अलीकडून मी तिची वेणी घालायची. ती पलीकडून सगळं सांगायची, कुणाचा दात पडला, कुणी कुणाला चावलं. सासूबाई बाजूला उभ्या राहून रस्त्यावर लक्ष ठेवायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "मला कोर्टात बोलावलंय. त्याच्या बाजूनं."

"काय सांगाल, आई?"

"काय सांगायचंय? जे आहे ते."

मी खूश झाले. त्यानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला असं वाटलं. घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती ताट घासत होती, म्हणाली, "तुम्ही फार साध्या आहात हो." मला राग आला तिचा.

कोर्टाच्या वऱ्हांड्यात लाकडी बाकं. त्यावर आमच्यासारखीच माणसं, एका बाकावर बायको, समोरच्या बाकावर नवरा, मध्ये पोर इकडून तिकडे. मी बसले तशी शेजारची बाई पदर नाकाला लावून सरकली. मी मुद्दाम जरा तिच्याकडे सरकले. कशाला खोटं बोला, बरं वाटलं. तो समोर होता, इस्त्रीचा शर्ट. सासूबाई त्याच्या शेजारी, मांडीवर हात. मी बघून हसले. त्यांनी डोळे मिटून घेतले, जागरण झाल्यासारखे.

नाव पुकारलं. आत जज मॅडम, वयानं मोठ्या, आवाज शांत. नवऱ्याच्या वकिलाचा चष्मा दोरीनं गळ्यात लोंबत होता. त्यानं पिशवीतून एक वही काढली आणि ती माझी वही होती. लांब, कापडी पुठ्ठ्याची. शेडच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असायची, दोऱ्याला पेन बांधलेलं. तारीख, वेळ, किती फांद्या, चुना टाकला का, आणि शेवटी सहीचा रकाना. रेशीम साहेबांनी सांगितलं होतं, एकही रकाना मोकळा दिसता कामा नये.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि ही?"

"सगळ्या माझ्याच."

चष्मा नाकावर चढवून त्यानं वाचायला सुरुवात केली. पहाटे पाच, सही. अकरा, सही. संध्याकाळी पाच, सही. रात्री दहा, सही. दुसरा दिवस. तिसरा दिवस. त्याच्या आवाजात माझी दोन वर्षं वाचली जात होती आणि आधी तर मला अभिमानच वाटला, बघा. एकही पाला चुकला नव्हता आमचा.

"म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत तुम्ही शेडमध्ये," तो म्हणाला. "मग मुलगी कुणाजवळ?"

तेव्हा कळलं वही कशासाठी आणली होती ती.

"सगळा पाला मी नव्हते घालत," मी म्हणाले. "अर्धा सासूबाई घालायच्या. पहाटेचा आणि अकराचा त्यांचाच. त्यांना लिहिता येत नाही. त्या आतून हाक मारायच्या, लिही गं, झाला. मी बाहेर मुलीची वेणी घालता घालता सही करायची."

"दुसऱ्यानं केलेल्या कामावर तुम्ही सही करत होतात?"

"रकाना मोकळा ठेवायचा नव्हता."

"म्हणजे वहीत खोटं लिहिलंत. की आता खोटं बोलताय? एक काहीतरी सांगा."

मागे कुणीतरी हसलं. आमच्यात, पाला घालणाऱ्या सगळ्या घरांत, ज्याला लिहिता येतं तो सही करतो. ज्याचा हात त्याची सही, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण हे मॅडमना कुठल्या शब्दांत सांगायचं ते सुचेना. मग एकदम आठवलं.

"मॅडम, वही उलटी करा. मागच्या पानांवर माझ्या मुलीची अक्षरं आहेत. तिथंच दारात बसवून मी तिला शिकवलं. ती काढायची, मी खाली तारीख-वेळ घालायची. त्याच वेळा सापडतील तुम्हाला, पाचच्या आणि अकराच्या."

मॅडमनी खरंच वही उलटी केली. पुठ्ठा उघडला. बोटानं पान चाचपलं. मग वही माझ्याकडे वळवली. शिलाईपाशी फाटलेल्या कागदाच्या कडा होत्या, बारीक, दातेरी. बाकी काही नाही.

"मागे काही नाही, ताई."

त्या पानांचं फक्त तिघींना ठाऊक होतं. एक मी. एक भिंगरी.

सासूबाई पिंजऱ्यात चढल्या तेव्हा त्यांचा गुडघा दुखला, मला दिसलं. शपथ घेतली. चष्मेवाल्यानं विचारलं, "पाला कोण घालायचं?"

"सूनच." नजर पायांकडे.

"चारी वेळा?"

"चारी वेळा."

"मग नातीचं?"

"मीच बघायचे. न्हाऊ घालणं, जेवू घालणं, झोपवणं. सगळं माझ्याकडेच."

"मुलीला लिहायला कुणी शिकवलं?"

त्यांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. मी मनात म्हटलं, सांगा, आई, एवढं तरी सांगा.

"शाळेत शिकली," सासूबाई म्हणाल्या.

"आई," माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं. मॅडमनी मला गप्प बसायला सांगितलं. मान विश्वासानं पुढे करावी आणि केसानं गळा कापला जावा, तसं झालं होतं. आणि नवऱ्याचं मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. तो परका झाला होता तो शेडमध्ये वास आला तेव्हाच. ही बाई नव्हती परकी झालेली.

निकाल लागायला तीन महिने गेले. निकाल म्हणजे तूर्तासचा हुकूम. घर, शाळा, आजी, सगळं तिथं आहे, तर मुलीनं तिथंच राहावं. आईला राहायला धड खोली नाही, दिवसभर कारखाना. आईनं एकाआड एक रविवारी दहा ते बारा भेटावं. पोटगीचं विचाराल तर जमीन सासूबाईंच्या नावावर, शेड सासूबाईंच्या नावावर, नवरा म्हणे आईच्या शेडवरचा मजूर. मजुराकडे काय मागणार? तेही कागद त्याच पिशवीतून निघाले. वकीलबाई म्हणाल्या, "परिस्थिती बदलली तर परत अर्ज करता येतो. काहीतरी ठोस आणा, ताई. नुसतं रडू चालत नाही इथं." मी रडत नव्हते. पण रडल्यासारखी दिसत असेन.

मग रविवार सुरू झाले. मी शनिवारी राखेनं हात घासायची, लिंबू चोळायची. तरी पहिल्याच रविवारी तो अंगणातच म्हणाला, "शेडपासून लांब बस. तुझ्या अंगाला कारखान्याचा वास आहे. अळ्या जातील."

तो निघून गेला बाजारात. त्याची ती बाजारातली बाई मध्ये येऊन गेली होती म्हणे. डोक्याला तेल नाही, तोंडाला पावडर नाही, पहाटे पाचला उठायचं, हे ऐकल्यावर तिसऱ्या दिवशी बॅग उचलली तिनं. शहाणी निघाली. आता हा तिच्याकडे जायचा.

मला शेडच्या बाहेरची पायरी मिळाली. भिंगरी मांडीवर यायची, पाच मिनिटं बडबडायची आणि झोपायची. दोन तासांतला एक तास झोपेत. मला सासूबाईंचा राग यायचा, पोरीला उशिरापर्यंत जागं ठेवते म्हणून. मी पाहुणीसारखी बसायची आणि झोपलेल्या पोरीच्या पापण्या बघायची. सासूबाई पाण्याचा तांब्या ठेवून आत जायच्या. आम्ही बोलत नव्हतो.

पाचव्या की सहाव्या रविवारी अळ्या परत शेवटच्या खादीत होत्या. आतून पानांचा तो कुरकुर आवाज येत होता. भिंगरी मांडीवर झोपलेली. माझ्या डोक्यामागं दाराशी खिळा, खिळ्याला नवी वही. जुनी कोर्टात होती. मी हात मागे नेला आणि वही काढली, सवयीनं म्हणा.

तारीख. वेळ, पहाटे पाच. फांद्या. चुना. सहीच्या रकान्यात मोठं, ठळक, रेघेबाहेर न जाणारं एक नाव. भिंगरीचं खरं नाव. मीच शिकवलेलं, मीच वळण दिलेलं. खाली अकरा, तेच नाव. संध्याकाळी पाच. रात्री दहा, तेच, जरा वाकडं. मी पान उलटलं, परत उलटलं.

पण सही खोटी असू शकते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक. आजीच्या कामावर नातीनं सही केली असेल, मी करायची तशी. म्हणून मी पोरीचे हात उघडून बघितले. नखांत तुतीचा हिरवा मळ. तळव्यावर फांद्यांचे ओरखडे, काही ताजे, काही खपली धरलेले. बोटांच्या बेचक्यांत चुन्यानं कातडं फाटलेलं. असे हात मला पंचविसाव्या वर्षी झाले होते. ती सहा वर्षांची होती.

ती जागी झाली. वही बघून हसली. "मी सही करते आता. तुझ्यासारखी."

"पाला कोण घालतं?"

"खालच्या दोन रॅकना मी. वर माझा हात पुरत नाही, वर आजी. आजीचा गुडघा वाकत नाही ना. बाबा उठतच नाहीत."

"आणि शाळा?"

"शेवटच्या खादीत मला सुट्टी असते," ती कौतुकानं म्हणाली. "एक पण रकाना मोकळा नाही. बघ."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात तांब्या. माझ्या मांडीवरची वही बघून तांब्या तिथंच खाली ठेवला.

"वही जागेवर लाव."

मी भिंगरीला म्हटलं, जा, माझ्यासाठी पेला घेऊन ये. ती पळाली. मग मी विचारलं, "त्या वहीची मागची पानं कुणी फाडली, आई?"

किती महिन्यांनी आई म्हटलं मी त्यांना. त्या भिंतीला टेकल्या.

"मीच फाडली."

"का?"

"तू तिला नेली असतीस. मग मला काय राहिलं असतं? तो?" बाजाराच्या रस्त्याकडे हात केला त्यांनी. "तो तर तुझ्या आधीच गेलाय माझ्या हातातून. पोरीच्या बोलण्यानं घर घर वाटतं गं. जाळली नाहीत मी पानं. जाळायला हात झाला नाही. डब्यात आहेत."

"आणि म्हणून तिला पहाटे पाचला उठवता?"

"मी नाही उठवत. ती आपणच उठते." मग त्यांनाच ते पटलं नाही. "गुडघा वाकत नाही माझा. कुणी नाही इथं. तू परत ये. मी त्याला समजावते. आपण दोघी पहिल्यासारखं…"

"सून पाहिजे की खालच्या रॅकला माणूस पाहिजे?"

मी वही माझ्या पिशवीत घातली. त्या पुढे आल्या, पण हिसकावली नाही, नुसता पिशवीच्या बंदाला हात लावला. "त्याला कळलं की वही मी जाऊ दिली, तर जमीन माझ्या नावावर असली तरी मला घराबाहेर काढेल."

"मला काढलं तेव्हा तुम्ही थांब्यापर्यंत सोडायला आला होतात," मी म्हणाले. "तुम्हाला काढलं तर मी येईन. पिशवीसुद्धा धरीन."

त्यांनी बंद सोडला. आत गेल्या. मला वाटलं होतं हे बोलल्यावर गार वाटेल. नाही वाटलं.

भिंगरी पेला घेऊन आली. खिळा रिकामा बघितला, मग पिशवी बघितली. "वही कुठे नेतेस?"

"कोर्टातल्या मॅडमना दाखवायला."

"माझं अक्षर चांगलं आहे म्हणून?"

हो म्हणणं सोपं होतं. पण त्या घरात मला एवढं गोड बोलून फसवलं गेलं होतं की तिला तसं करवेना. "अक्षर चांगलंच आहे," मी म्हणाले. "पण त्यासाठी नाही. पोरगी एवढं काम करते हे बघितलं की मॅडम तुला माझ्याकडे पाठवतील. मग तू माझ्याजवळ राहशील. आजी इथंच राहील."

ती विचार करत उभी राहिली, एका पायावर दुसरा पाय घासत. आई मिळणार म्हणून हसेल, आजी सुटणार म्हणून रडेल, मी दोन्हीला तयार होते.

"मग अळ्यांना पाला कोण घालणार?" तिनं विचारलं.

तिनं माझ्या मनगटावरचं घड्याळ वळवून बघितलं. आजीकडून काटे ओळखायला शिकली होती. अकरा वाजत होते. बारापर्यंतची वेळ कोर्टानं मला दिलेली होती, माझ्या हक्काचा तास. ती घमेल्यापाशी गेली, पाय बुडवले, हात कोपरापर्यंत धुतले, आत गेली. आतून आजी-नातीचं बोलणं आलं, फांद्या ओढल्याचा आवाज आला, आणि अळ्यांचा आवाज वाढत गेला. मी पायरीवर बसून होते. मी तिला अडवू शकले असते. हाताला धरून म्हणू शकले असते, आज नाही जायचं. तिच्या तळव्यावरच्या खपल्या मी आत्ताच बघितल्या होत्या. तरी अडवलं नाही. मला अजून एक सही पाहिजे होती.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. केसांत पानाचा तुकडा, गालावर चुना. खिळ्याकडे हात गेला, मग आठवलं तिला.

"आई, सही राहिली."

मी पिशवीतून वही काढली, पान उघडून तिच्यापुढे धरली. तिनं जीभ बाहेर काढून सावकाश नाव लिहिलं, रकान्याच्या आत. मग मी शाई वाळू दिली आणि वही परत पिशवीत ठेवली.